खऱ्याच्या खालची पायरी

मी थापा मारतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत ज्याला हे ठाऊक नाही असं माणूस आता पाळण्यातच सापडेल, आणि त्यालाही बारशापर्यंत कळतंच. मी टेंपोवाला. कर्जतच्या बाजारातून भाजी उचलायची आणि घाट चढून माथेरानच्या दस्तुरी नाक्यावर टाकायची. तिथून पुढं गाडीला बंदी, माल घोड्यावर जातो. उभी हयात हेच केलं. टेंपोत मी आणि भाजी, आणि भाजी बोलत नाही. म्हणून घाट उतरून आलो की मी बोलायचो, माझ्या वाटचं आणि सगळ्या कोबी-फ्लॉवरच्या वाटचंही.

ऐकायला माणसं पुष्कळ होती. पण माझ्या थापा तोलणारा एकच होता. तो खोपोलीकडच्या एका कारखान्यात चेकिंगला होता. मशीनमधून पडलेला प्रत्येक नग हातात घ्यायचा, त्याला मापाचं पोलादी गेज लावायचं, बसलं तर पास, नाही बसलं तर लाल डबा. केसभर जाड असला तरी लाल डबा. वर्षानुवर्षं हे करून त्याची नजरच तशी झाली होती. लग्नात पानावर पडलेली जिलेबीसुद्धा तो आधी चारी बाजूंनी बघायचा आणि मग तिला तोंडात जायची परवानगी द्यायचा. सगळं गाव त्याला चेकर म्हणायचं. रागावली की त्याची बायकोसुद्धा.

आमचा अड्डा कुंभिवलीजवळ, जुन्या हायवेला लागून असलेल्या पंक्चरच्या दुकानात. दुकानाचा मालक आमच्यातला तिसरा. घर मुसलमानांचं, मूळ समुद्राकडचं. आजोबा श्रीवर्धनच्या बाजूनं आले ते हायवेवर पान-बिडी विकायला, बापानं तिथंच हवा भरायचा पंप टाकला, आणि यानं टायर. त्याला पंक्चरवाला म्हटलेलं खपायचं नाही. "पंक्चर गिऱ्हाइकाचं आसतंय. मी टायरवाला," असं तो भल्याभल्या ट्रकवाल्यांना सुनवायचा. तेव्हा आपणही टायरवालाच म्हणू.

संध्याकाळी मी टेंपो कडेला लावायचा, चेकर कंपनीच्या बसमधून उतरायचा, टायरवाला जुनी टायरं आडवी टाकून आम्हाला बसायला द्यायचा आणि मी सुरू व्हायचो. एक नमुना सांगतो. घाटात रस्त्यावर आडवा पडलेला अजगर मी त्या दिवशी बघून आलो होतो. केवढा? कंटेनरएवढा. चेकरनं तंबाखू मळता मळता मान वर न करता म्हटलं, "उतर."

"बरं, ट्रकएवढा."

"उतर."

"टेंपोएवढा. माज्याच टेंपोएवढा, मी शेजारी लावून बघितला."

"उतर रं."

"रिक्षा."

"आजून."

"मग काय सायकल करू काय त्याची?"

"कर."

मी अजगराची सायकल केली. चेकरनं उजव्या हाताचा अंगठा डाव्या तळहातावर दाबला, कंपनीत शिक्का मारायचा तसा, आणि म्हणाला, "पास."

आणि अजगर खरोखरच सायकलएवढा होता. कुठं थांबायचं हे त्याला कसं कळायचं ते मला आजतागायत उमगलेलं नाही. एकदा त्याला चकवायचं म्हणून मी मुद्दाम खरी गोष्ट पहिल्या फटक्यात, न फुगवता सांगितली. माथेरानला एक घोडा होता, पाठीवर भाजीच्या पाट्या लादल्या की मालक बरोबर नसतानाही चालत सुटायचा आणि नेमका ज्या हॉटेलचा माल त्याच हॉटेलच्या मागच्या दारी जाऊन उभा राहायचा. बाकीचे सगळे खदाखदा हसले. चेकर हसला नाही. माझ्या तोंडाकडं जरा बघत राहिला, आणि अंगठा दाबला. पास. त्यानं मला हजारदा उतरवलं असेल, पण खऱ्याच्या खाली कधी उतरवलं नाही. तिथं त्याचा पाय आपोआप थांबायचा. त्या एका भरवशावर मी थापा मारत आलो. खाली शिडी धरून कुणी उभं असलं की माणूस बिनधास्त चढतो.

आता खिळ्यांचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्या खिळ्यांमुळं झालं. दुकानाच्या अलीकडं एक वळण आहे. भंगाराचे ट्रक तिथं कलतात आणि मागून खिळे, तारा, पत्र्याचे तुकडे सांडत जातात. एका वर्षी मोटारसायकलवरचं जोडपं तिथं घसरून पडलं. बाईच्या मांडीवर तान्हं होतं. ते वाचलं. टायरवाल्यानंच त्याला उचलून दुकानात आणलं आणि आई शुद्धीवर येईपर्यंत मांडीवर घेऊन बसला. दुसऱ्या दिवशी त्यानं भंगारातल्या एका दांडग्या स्पीकरचं लोहचुंबक काढलं, त्याला दोरी बांधली आणि वळणावर खिळे गोळा करायला निघाला. मी म्हटलं, "आरं येड्या, हे खिळे म्हंजे तुजं दुकान. उद्या खायचं काय, चुंबक?"

तो म्हणाला, "त्या बाईचं वरडनं तू ऐकलं नाय."

तेव्हापासून रोज, अड्डा जमायच्या आधी आम्ही तिघं वळणावर. टायरवाला चुंबक ओढायचा, मी समोरून येणाऱ्या गाड्यांना लाल फडकं दाखवायचो, आणि चेकर मागून वाकून, राहिलेलं टिपत यायचा. त्याच्या नजरेतून टाचणी सुटायची नाही. खिळे तेलाच्या पत्र्याच्या डब्यात जायचे. वाकडे असतील ते चेकर दगडावर ठेवून हातोडीनं सरळ करायचा, पास झालेले वेगळे काढायचा, आणि भाद्रपद आला की ते गावच्या गणपतीच्या मांडवाला. आमचा गणपती किती वर्षं त्या वळणावरच्या खिळ्यांच्या आधारानं बसत होता. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचो की या डब्यात एवढे खिळे आहेत, सांडले तर मुंबई-पुणे बंद पडेल आणि पुण्याची माणसं चपला हातात घेऊन मुंबईला चालत जातील. चेकर म्हणायचा, उतर. मी लोणावळ्याला यायचो, खोपोलीला यायचो, फाट्यावर यायचो. शेवटी स्कूटरच्या एका चाकावर पास व्हायचो.

मग चेकरची कंपनी गेली. बंद नाही पडली, उठून दुसऱ्या राज्यात गेली. मशीनं ट्रेलरवर चढली आणि ह्याच हायवेनं आमच्या समोरून गेली. चेकरच्या शर्टाच्या खिशात त्याचं गेज तेवढं मागं राहिलं. मुलगा लग्नानंतर शेलूला नव्या टॉवरमध्ये राहायला गेलेला. त्यानं बापाला आपला जुना मोबाईल दिला, वेळ जाईल म्हणून. वेळ चांगलाच गेला.

हातात नग पडायचे थांबल्यावर चेकरनं तपासायचं काय? आधी त्यानं घर तपासलं. नळ ठिबकतो, दाराची कडी सैल, भाकरी एका बाजूनं जाड. वहिनींनी मला दारात गाठून सांगितलं, "भावजी, ह्यांना न्या कुटंतरी. माला भाकरी थापायचं भ्या वाटतंय." मी हसलो आणि त्याला दिवसाउजेडीच दुकानावर नेऊ लागलो. पण दुकानावर बसला तरी त्याची मान खाली, मोबाईलमध्ये.

पहिल्यांदा तो आपल्या सगळ्यांसारखाच सकाळी फुलांचे फोटो पाठवायचा. मग कंपनीतल्या कुणीतरी त्याला दुसऱ्या एका अ‍ॅपवर नेलं. तिथं म्हणे खरं राजकारण कळतं. टीव्हीवाले विकले गेले, पेपरवाले विकले गेले, झाडून सगळे पक्ष विकले गेले, आणि मोठी अ‍ॅपवाली मंडळी अडचणीचं ते पुसून टाकतात. तिथं मात्र कुणी काही काढत नाही, जे येईल ते अख्खं. "हितं कुनाची कात्री चालत नाय," चेकर कौतुकानं सांगायचा. टायरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत म्हणाला, "तुजी बी नाय चालत?" चेकरला ते ऐकू गेलं नसावं.

मला त्यात काळजीचं काही वाटलं नाही. वाटलं ते माकडाच्या दिवशी. माथेरानच्या माकडानं एका पाहुण्याचा चष्मा पळवला, इथवर खरं होतं. मग मी माकडाला तो चष्मा घालून पेपर वाचायला बसवलं. थांबलो. चेकर काही बोलेना. माकडाला हॉटेलचा मॅनेजर केलं. तरी नाही. त्याचं लग्न लावलं, वरातीत घोडे नाचवले, त्याला निवडणुकीला उभं केलं. माकड निवडून आलं. चेकरचा अंगठा काचेवर खालून वर, खालून वर. टायरवाल्यानं माझ्याकडं बघितलं आणि हळूच म्हणाला, "आता तुजा तूच उतर रं." आणि मला जन्मात पहिल्यांदा उंचीची भीती वाटली.

तेव्हा तो जिथं गेला तिथं आपणही जाऊन बघावं म्हणून मी त्या अ‍ॅपवर गेलो. फोटो टेंपोचा लावला. चॅनल होता, चॅनलच्या खाली गट होते, गटाच्या आत आणखी गट. मी ते रोज वाचू लागलो, चहाबरोबर, मग चहा निवला तरी. खोटं सांगत नाही, त्याचा नाद लागतो. सतत वाटतं की पुढच्या ओळीत कुणीतरी आपल्याला खोलीत बोलावून दार लावून अस्सल गोष्ट सांगणार आहे. पण मी धंद्यातला माणूस. महिनाभरात माझ्या ध्यानात आलं की ही मंडळी थापा मारतात आणि त्यांना त्या मारता येत नाहीत. एक तर तिथं कुणी हसत नाही. थाप ऐकून माणूस हसला की समजावं, त्याला ठाऊक आहे आणि आपल्यालाही ठाऊक आहे. आणि तिथं उतर म्हणणारा कुणी नाही. एकानं लिहायचं, अमक्या नाक्यावर मुसलमानांची दोन दुकानं झाली. दुसरा म्हणणार, दोन कसली, अख्खी ओळ. तिसरा म्हणणार, अख्खा तालुका. चौथा विचारणार, तुम्ही अजून झोपलाय का. माझा अजगर कंटेनरवर सुरू व्हायचा आणि सायकलवर यायचा. त्यांचा सायकलवर सुरू व्हायचा आणि डोंगराएवढा होऊन कुणाच्यातरी घराकडं वळायचा.

चेकर तिथं का रमला हेही मला तिथंच कळलं. त्याला तिथं काम मिळालं होतं. "जागरूक बांधवांनी आपापल्या भागातला रस्ता तपासावा, फोटो पाठवावेत," असा वरून सांगावा यायचा. चेकरइतकं नीट कोण तपासणार? त्याला लवकरच खालापूरचा प्रमुख केला. त्यानं ते मला मोबाईलवर दाखवलं. कंपनीत कायम झाला त्या दिवशी पेढे घेऊन आला होता तेव्हाचा चेहरा. म्हणाला, "वरनं मागवत्यात माज्याकडनं. रोज." मला त्याची टर उडवायची होती. जीभ उचलली नाही. नोकरी गेल्यापासून ते तोंड मी बघितलं नव्हतं.

मग त्यानं हायवे तपासला. फाट्यापासून वळणापर्यंत सगळी दुकानं. चहाच्या टपऱ्या, वडापाव, गॅरेज, हिंदूंची, मुसलमानांची, एक वगळलं नाही, कारण नग वगळणं चेकरला ठाऊक नाही. त्यात टायरवाल्याचं दुकान आलं, आणि दुकानातला खिळ्यांचा डबा आणि चुंबकही आलं. डब्याच्या फोटोखाली त्यानं लिहिलं होतं, रस्त्यावरचे उचललेले खिळे, रोज उचलतात, मी स्वतः हजर. हे मी माझ्या डोळ्यांनी वाचलं. टायरवाल्याला वाचून दाखवलं, तर तो म्हणाला, "बघ, पास केलं मला."

थोड्या दिवसांनी तोच फोटो परत आला, पण दुसऱ्या, मोठ्या चॅनलवरून. नुसता डबा. चेकरची ओळ कापलेली. डब्याकडं लाल बाण, आणि वर लिहिलेलं, खालापूरजवळ हायवेवर यांच्या दुकानात खिळ्यांचा साठा सापडला, आपल्या गाड्या पाडायला हे रस्त्यावर खिळे टाकतात. कुणाची कात्री चालत नाही म्हणे. खाली शिव्यांचा पूर. दुकानाची पाटी कुणीतरी शोधून जोडली होती.

मी टेंपोत भाजी तशीच ठेवून चेकरच्या घरी गेलो. तो पडवीत बसला होता. मी मोबाईल त्याच्या पुढं धरला. त्यानं दोन बोटांनी फोटो मोठा केला, पुष्कळ वेळ बघितला. मला त्याची ती नजर माहीत होती. मी लाल डब्याची वाट बघत होतो.

"फोटो माजाच हाय," तो म्हणाला.

"मग लिव की तितं. ह्ये खोटं हाय म्हून."

"वरच्यांनी बघितलं आसंल. त्यांच्याकडं आनकी कायतरी आसंल."

"आनकी काय आसनार? खिळे तू टिपलेस, तू सरळ केलेस. मांडव त्याच्यावर हुबा ऱ्हातो आपला."

त्यानं फोटो पुन्हा लहान केला. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "तूच सांगायचास ना रं, मुंबई-पुनं बंद पडंल येवडे खिळे हायत म्हून?"

मी खालीच बसलो. जन्मभर मी त्याला थापा विकल्या, आणि एक, एकच त्यानं शेवटी न उतरवता घेतली, ती ही, इतक्यांदा स्कूटरच्या चाकावर आणलेली.

"आसंल बी," तो मोबाईलला म्हणाला.

मी त्या गटावर जाऊन लिहिलं. आधी नुसतं "उतर" लिहिलं, सवयीनं. मग सगळं नीट लिहिलं, वळण, भंगाराचे ट्रक, चुंबक, गणपतीचा मांडव. मला उत्तरं आली. तुला किती मिळाले, असं एकानं विचारलं. दुसऱ्यानं माझ्या आईची चौकशी केली. मी परत लिहिलं. संध्याकाळी बघतो तर गटाचं दार बंद. जिथं कुणी काही काढत नाही तिथून मला काढलेलं. काढणारा कोण ते तिथं दिसत नाही. पण खालापूरचा प्रमुख कोण हे मला पेढ्याच्या चेहऱ्यासकट ठाऊक होतं.

त्यानंतर पोरं यायला लागली. मोटारसायकलवरून, दुकानासमोर वेग कमी करायची, घोषणा द्यायची, पुढं जायची. ओळखीची एक-दोन होती. गिऱ्हाईक सुटलं. एक ट्रकवाला, ज्याची टायरं टायरवाल्याच्या बापानं बदलली होती, पंक्चर चाक रिमवर घासत पुढच्या दुकानापर्यंत गेला, आणि ठिणग्या उडत होत्या. मी उडवलेल्या ठिणग्या वेगळ्या असतात, ह्या खऱ्या होत्या. पोलीस आले, चहा प्यायले, डबा बघितला, आणि थोडे दिवस दुकान बंदच ठेवा असं भल्याच्या सुरात सांगून गेले.

मग एका सकाळी कुणीतरी तो डबा उचलून वळणावर उपडा केला. टायरवाला चुंबक घेऊन धावला. लाल फडकं दाखवायला मी नव्हतो, मागून टिपायला चेकर नव्हता. एकटाच वाकून, घाईघाईनं ओढत होता. दुपारपर्यंत त्याचा व्हिडिओ सगळीकडं. रस्त्यावर खिळे, खिळ्यांमध्ये तो. वर लिहिलेलं, रंगेहाथ.

त्या दिवसापासून त्यानं चुंबक हातात घेतलं नाही. उचलायला वाकला तरी टाकायला वाकला असं दिसणार, मग कसा वाकणार? मला तो एकच म्हणाला, "माजं काय मागनं नाय. त्यानं तितं येक ओळ लिवावी. मी बरोबर होतो म्हून. त्याचं ऐकतील ते. येक ओळ, बस."

मी तो निरोप चेकरला नेला. बघतो, म्हणाला. पुन्हा नेला. बघतो. वहिनी आतून ऐकत होत्या. मला दारापर्यंत सोडायला आल्या आणि म्हणाल्या, "मी बी सांगितलं भावजी. माला म्हनले, तुला त्यातलं काय कळत नाय." ज्या घरात भाकरीचासुद्धा निकाल लागायचा त्या घरात आता एका ओळीचा लागत नव्हता.

टायरवाला वाट बघत राहिला. माझा टेंपो थांबला की नुसता तोंडाकडं बघायचा आणि काय ते समजून घ्यायचा. एकदा संध्याकाळी चेकर खरोखरच आला. हायवेच्या पलीकडच्या कडेला उभा राहिला, आमच्याकडं तोंड करून. टायरवाल्यानं उठून एक टायर आडवं टाकलं, त्याला बसायला. तेवढ्यात मधून ट्रक गेला. एरवी मी तो ट्रक मैलभर लांब केला असता, त्याला शंभर चाकं लावली असती, चेकरला पलीकडं अडकून पडायला निमित्त दिलं असतं. साधा सहाचाकी ट्रक होता. तो गेला तेव्हा पलीकडं कुणी नव्हतं. टायर बराच वेळ तसंच आडवं पडून होतं.

दुकान आम्ही माझ्याच टेंपोत भरलं. कॉम्प्रेसर, जॅक, ट्यूबा बुडवायचं घमेलं, पान्हे. समुद्राकडं त्याचा भाऊ होता, तिथं जायचं ठरलं होतं. भाजीच्या वासात टायरांचा वास मिसळला. टायरवाला माझ्या शेजारी बसला होता आणि हायवे सुटून बरंच अंतर गेलं होतं. मग तोच म्हणाला, "सांग रं कायतरी." मी सुरू केलं. पेणच्या पुढं खाडीत एक खेकडा आहे, नांगीनं होडी धरून ठेवतो. केवढा, त्यानं विचारलं. म्हटलं, एसटीएवढा. तो म्हणाला, "उतर." त्याच्या तोंडात तो शब्द बसला नाही. दोघांनाही कळलं. मी खेकड्याला तिथंच सोडला आणि गिअर बदलला.

सामान उतरवून झाल्यावर त्यानं चुंबक माझ्या हातात दिलं, दोरी नीट गुंडाळलेली. "हे त्याला दे. वळनावर कुनीतरी फिरवाय पायजे," तो म्हणाला. "त्यानं फिरवलं तर त्याचा विडिओ कोन काडनार नाय."

मी परत आलो आणि टेंपो सरळ चेकरच्या दारात लावला. टळटळीत दुपार होती. तो पडवीत होता. मी चुंबक त्याच्या पुढ्यात ठेवलं आणि निरोप होता तसा सांगितला. त्यानं बघायला वाकून हात लावला तसं खिशातलं गेज उडी मारून चुंबकाला चिकटलं. ते त्याला ओढून काढावं लागलं. काढून त्यानं पुन्हा खिशात ठेवलं, आणि मोबाईल पहिल्यांदाच बाजूला ठेवला. मला आशा वाटली. इतकी वाटली की तिचा आकार मी इथं सांगत नाही.

मग मी त्याला गोष्ट सांगितली. घोड्याची सांगितली होती तशी, पहिल्या फटक्यात, हवा न भरता. म्हटलं, एक वळण हाय. तितं खिळे सांडत्यात. येक बाई पडली, तिचं पोर वाचलं. मग तिगंजन रोज सांजच्याला खिळे उचलाय जायचे. येक चुंबक वडायचा, येक फडकं दावायचा, येक मागनं वाकून टिपायचा. जो टिपायचा त्याच्या हातनं येक बी सुटायचा नाय.

चेकर माझ्या तोंडाकडं बघत होता. त्याचा उजवा हात मांडीवरून उचलला गेला. अंगठा तळहाताच्या वर आला. मी बघितला. वहिनी चहा घेऊन दारात उभ्या होत्या, त्यांनीही बघितला. मग बाजूला पडलेला मोबाईल थरथरला, आणि त्याची नजर तिकडं गेली आणि परत आली, आणि ती माझ्या ओळखीची नव्हती.

"उतर," तो म्हणाला.

हळूच म्हणाला, रागानं नाही. आणि मी, सवय ती, उतरायला पाय खाली सोडला. काय कमी करू? बाईला पडू देऊ नको? खिळे नव्हतेच म्हणू? तिघंजण होते, त्यातला एक काढू? कुठला काढायचा ते त्याच्या शेजारी पडलेला मोबाईल मला शांतपणे सांगतच होता.

"तिगंच हुतो रं," मी म्हटलं.

त्यानं मोबाईल उचलला. वहिनींनी चहा माझ्या पुढ्यात ठेवला आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या. तो चहा मी प्यालो की नाही ते मला आठवत नाही. चुंबक मात्र उचलून आणलं, तेवढं आठवतं.

यंदा मांडवाला खिळे खोपोलीच्या दुकानातून आणले, सगळे सरळ, सगळे सारखे. वळणावर मी जातो. फडकं टेंपोच्या आरशाला बांधतो आणि चुंबक ओढतो. पोरं मोटारसायकलवरून जाताना हात करतात, "काय काका, आज काय सापडलं?" म्हणतात. व्हिडिओ अजून कुणी काढलेला नाही. मागून वाकून टिपणारा कुणी नाही, त्यामुळं पुष्कळ खिळे राहतात.